एक कप मैदा म्हणजे किती

३ फेब्रुवारी २००३
सायबर कॅफेत जाऊन संदीपची मेल छापून आणली. अमेरिकेतल्या ऑफिसातल्या कुणा बाईने त्याला केकची कृती दिलीय. मैदा दोन कप, साखर एक कप. खाली लिहितो, मुक्ताला वाढदिवसाला केक मिळालाच पाहिजे. बापाला तिथे बसून सांगायला काय. पोरीला डायबेटिस होऊन चार महिने झाले, इन्सुलिन मी टोचते.

४ फेब्रु.
डॉ.ना फोन. "खाऊ द्या की. एका तुकड्यात मैदा, साखर किती ग्रॅम ते काढा, त्या हिशेबाने इन्सुलिन द्या." घरात काटा नाही. पण मेलमध्ये आहे, कप म्हणजे २४० मिली. म्हणजे २४० ग्रॅम. गुणाकार दोनदा तपासला.

८ फेब्रु.
काल लिहिणं शक्यच नव्हतं.
केक छान फुगला होता. मुक्ताने दोन तुकडे खाल्ले. इन्सुलिन हिशेबाप्रमाणे. साडेसहाला मैत्रिणी गेल्या आणि ती सोफ्यावर गप्प बसली. कपाळ ओलं, हात थरथरतायत. नाव विचारलं तर काहीतरी भलतंच बोलली. रक्तातली साखर मोजायच्या मशीनवर ४१.
साखरेचं पाणी पाजताना अर्धं तिच्या फ्रॉकवर सांडलं. पंधरा मिनिटांनी ६३. मग ९०. मग म्हणाली, "आई, फुगे कुणी फोडले?"
फुगे मीच फोडले होते, धावताना पायाखाली आले. मला आवाज आल्याचं आठवतही नाही.

१० फेब्रु.
सदाशिव पेठेत डॉ.कडे. माझा हिशेबाचा कागद त्यांनी शांतपणे वाचला.
"अहो, एक कप पोहे आणि एक कप साखर कधी हातात घेऊन बघितलीत?"
मैदा हलका. कपभर मैदा सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. मी २४० धरला. तुकड्यामागे जवळजवळ दीडपट इन्सुलिन गेलं.
चूक ही एवढीच. सव्वाशे आणि २४०.
विश्रांतवाडीला घरी येईपर्यंत रिक्षात मुक्ता खांद्यावर झोपली होती. दर सिग्नलला तिचा तळहात घामेजलाय का ते बघत होते.

११ फेब्रु.
काटा आणला. एकच कप मैद्याने चार वेळा भरला. चाळून ११४. चमच्याने भरून १२६. डब्यात बुडवून १४३. आपटून १५८. मला वाटलं होतं, काटा आला की भीती जाईल.
संदीपचा फोन. "केक कसा झाला?" मी म्हटलं, छान.

१३ फेब्रु.
मुक्ता केकचं नावही काढत नाही. आज पोळीही अर्धीच खाल्ली. विचारलं तर, "मला परत तसं होईल." मग सांगितलं तिला. तुझ्यामुळे नाही झालं, केकमुळे नाही, माझा हिशेब चुकला.
तिने उरलेली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली. रडली असती तर बरं झालं असतं.
संदीपला अजून सांगितलेलं नाही.

१५ फेब्रु.
सोमवारी शाळेची सहल, कात्रजला सर्पोद्यान. बाईंना भेटून आले. त्या म्हणाल्या, "आम्ही लक्ष ठेवू." चाळीस मुलं आहेत. पाठवावं की नाही, ठरत नाही.
दुपारी भात वाढला. मुक्ताने स्वतः वाटी काट्यावर ठेवली.
"किती, आई?"
वाटीचं वजन वजा करून सांगितलं, ऐंशी.
"नक्की?"
मी वाटी उचलली, पुन्हा ठेवली. ती आकड्याकडे बघत होती, मी इन्सुलिनच्या सुईकडे.