पिंडरांचा कोंडवाडा

प्रिय आईस,

मी ठीक आहे, बाळ छान गुटगुटीत झालंय. बाबांचा खोकला कसा आहे? यंदा जाळ्याला हेरिंग मासे बरे लागले का?

इथे सासऱ्यांनी मात्र वीट आणलाय. आमचं आडनाव पिंडर. पिंडर म्हणजे गावच्या कोंडवाड्याचा राखणदार, मोकाट जनावरं धरून कोंडणारा. यांच्या कुठल्याशा खापरपणजोबाकडे ते काम होतं, म्हणून आडनाव चिकटलं. आता ते काम कुणाकडेच नाही. पण मामंजींना सांगणार कोण? "आडनाव काय शोभेला लावायचं?" म्हणतात आणि दिसेल ते मेंढरू कोंडतात. पाद्रीबुवांचं तट्टूसुद्धा सोडलं नाही! आम्हाला बघून लोक दारं लावून घेतात.

रविवारी बाळाचा बाप्तिस्मा आहे. चर्चमध्ये बाळाला हातात घेऊन धर्ममाता व्हायला एकटी शेजारची कझाया तयार झाली, तीही मी हातापाया पडले म्हणून. "तुझ्याकडे बघून येते हो, त्या म्हाताऱ्याकडे नाही," म्हणाली.

आणि आज सकाळी तिचीच गाय माझ्या कोबीत शिरली! अख्खा वाफा फस्त केला. माझं डोकंच फिरलं. काठी घेऊन तिला हाकलत नेलं, ते कोंडवाड्याची कडी घातल्यावरच भानावर आले. मामंजी कुंपणाशी उभे होते. मला बघून त्यांनी मानानं टोपी काढली.

कझाया दार बडवतेय. आई, मिळेल ती गाडी पकडून तूच ये गं, धर्ममाता लागणार आहे.

तुझीच, पण आता पक्की पिंडर झालेली,
हेस्टर