पुस्तकात नसलेला भाऊ

दिनांक ११, सोमवार, दुपार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? उभ्याने काम करणं कमी केलंस का? धाकटीचा कान बरा झाला असेल. थोरलीला चष्मा लागला, असं मावशीकडून कळलं. तिला सांग, आजोबांनाही लहानपणीच लागला आणि नाक अजून शाबूत आहे. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कसा आहे? घरात बाकी सगळे बरे असतीलच.

'बाकी सगळे' म्हणजे कोण, ते तुला कळलं असेल. पेन तिथे अडलं, तसंच पुढे रेटलं.

मी ठीक. लोक हल्ली शिलाई मशिनी टाकून देतात, पण टाकण्याआधी एकदा माझ्याकडे आणतात, त्यावर दुकान चालतं. दम लागतो, पण तो जिना चढताना. बसल्या जागी येतो तो संताप. त्याचंच हे पत्र आहे.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. दीड वर्षापासून माझ्याकडे एक बाई येतात. पडदे शिवतात. आपल्यातल्या नाहीत, फार लांबून आलेल्या, भाषा वेगळी, रीत वेगळी. आधी मशीन घेऊन यायच्या, मग मशिनीशिवाय यायला लागल्या. शेजारचा किल्लीवाला म्हणतो, "मास्तर, बाईंचं मशीन बिघडतं, का तुम्हीच अर्धं दुरुस्त करून पाठवता?" त्याच्यावर पाना उगारला, पण काय बोलणार? दर रविवारी आम्ही दोघं कालव्याकाठच्या बाकावर बसतो, ते त्याने पाहिलंय. तुझी आई जाऊन अकरा वर्षं झाली. हे तुला विचारून करावं का नुसतं सांगून, ते ठरेना, म्हणून दोन्ही केलं नाही.

मला कोणी काही शिकवलं नाही, हे तुला माहीत आहे. चौथीत शाळा सुटली. मशीन शिकलो ते माहितीपुस्तकं वाचून. इथेही तोच रस्ता धरला. वाचनालयातून त्यांच्या लोकांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं आणि वहीत टिपणं काढली. काय चालतं, काय चालत नाही. म्हटलं, उगाच प्रश्न विचारून माणसाला अवघडवायचं कशाला? तुझ्या वेळचा अनुभव गाठीशी होता.

दोन महिन्यांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ गेला. मी पुस्तक उघडलं. पान एकशे बारा: या लोकांत गेलेल्या माणसाचं नाव वर्षभर काढत नाहीत, काढलं तर घरच्यांना अपमान वाटतो. झालं, मी तोंडाला कुलूप घातलं. नऊ रविवार हवापाण्यावर बोललो. बाई भावाकडे वळल्या, की मी गाडी दोऱ्याकडे, सुईकडे, बॉबिनकडे वळवायचो. वर स्वतःची पाठ थोपटायचो, केवढा मान राखतोय मी!

काल बाई बाकावरून ताडकन उठल्या. "माझा भाऊ मेलाय आणि तुम्ही मला दोऱ्याचा ताण सांगताय? कसा गेला, काय करायचा, एवढंसुद्धा विचारावंसं वाटलं नाही?"

मी पुस्तकाचं सांगितलं. पानाच्या आकड्यासकट.

हसल्या, पण ते हसू बरं नव्हतं. "असेल कोणाकडे तसं. आमच्या घरात माणूस गेला की त्याच्याबद्दल बोलून बोलून घसा बसतो. इथे मला तुमच्याशिवाय कोण आहे बोलायला? मी समोर बसलेली असताना तुम्ही पुस्तकाला विचारलंत. आता त्याच्याशीच गप्पा मारा." आणि गेल्या.

घरी येईपर्यंत मी मनात भांडत होतो. विचारलं तर चौकशा करतो म्हणून बोंब, नाही विचारलं तर काळजाचा दगड. माणसाने करायचं तरी काय? गेल्या वेळी विचारलं तर मुलगी गेली, या वेळी नाही विचारलं तर...

हे वाक्य लिहून पुन्हा वाचलं, चिमणे. ते खोटं आहे. तू तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला पहिल्यांदा घरी आणलंस, तेव्हा मी काहीच विचारलं नव्हतं. म्हणालो, "तुमच्यात बायकांना दाबून ठेवतात ना? म्हाताऱ्यांचं सगळं सुनेच्या गळ्यात ना?" उत्तर खिशात घालूनच बसलो होतो. त्याने घास ताटात ठेवला आणि किती नीट बोलला! "बाबा, माझ्या घरातलं विचारा, सांगतो. सगळ्यांचं मला कसं माहीत असणार?" मी म्हणालो, "हं." त्या 'हं'वर तू उठलीस. सहा वर्षं झाली. तेव्हा माझ्या हातात पुस्तक नव्हतं, एवढाच फरक.

आज सकाळी दुकान बंद ठेवून बाईंच्या दारात गेलो. जमिनीवर कापड पसरलेलं, त्यांच्या तोंडात टाचण्या. म्हणालो, "तुमच्या भावाबद्दल विचारू का? सांगायचं नसेल तर जातो."

बाईंनी एकेक टाचणी काढून टाचण्यांच्या उशीत खोचली. मग म्हणाल्या, "आज नाही. आज मला तुमचा राग आलाय. गुरुवारी या."

गुरुवारी काय होईल, देव जाणे. या वयात दोन साधे शब्द बोलायला असा घाम फुटतो, याचीच चीड येते. पण एका दारात जाऊन आलो, तर दुसरं टाळता येईना.

हे पत्र त्याला वाचून दाखव. नाही, पुढचं थेट त्यालाच लिहितो. जावईबापू, तुमचे वडील काय काम करायचे? तुम्ही लहानपणी कसे होता? सहा वर्षांत मला एवढंही ठाऊक नाही. सांगायचं नसेल तर 'नाही सांगत' एवढंच लिहा, मी ते मुकाट ऐकेन.

चिमणे, लवकर लिही. चार ओळी पुरेत, रागाच्या असल्या तरी.

विचारायला सहा वर्षं उशीर केलेला,
तुझा बाबा