आपलपोट्या

दि. ११, बुधवार

प्रिय ताई,

नमस्कार. तू, दाजी आणि पोरं मजेत असाल. दुकान बरं चाललंय. चष्म्यावर बसून चष्मा मोडण्यात इथल्या लोकांचा हात कुणी धरणार नाही, त्यामुळे माझं पोट भरतं. शेजारच्या शिक्षिकाबाई तुझी आठवण काढतात. इकडे सगळं ठीक आहे, असं मी दर पत्रात लिहितो. आजही लिहायला घेतलं होतं, पण हात धजेना.

आई दवाखान्यात आहे. घाबरू नकोस, जिवावरचं टळलंय. सोमवारी दुपारी नेलं, सलाईन चालू आहे. शनिवारी घरी सोडतील. फोन केला असता, पण फोनवर तू पहिल्या वाक्याला रडशील आणि मी दुसऱ्या वाक्याला खोटं बोलेन. म्हणून तुमच्याकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हाती ही चिठ्ठी देतोय, उद्या मिळेल. मध्येच फाडू नकोस, शेवटपर्यंत वाच.

दोन वर्षांपूर्वी आईचं कंबरेचं हाड मोडलं तेव्हा तू गाडी घेऊन आली होतीस. तिच्यासाठी खोली तयार केली होतीस, खाटही आणली होतीस. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "माझी आई मला जड नाही. तू तुझा संसार बघ." मामा रडले, बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तू मात्र गाडीत जाऊन बसलीस.

खरं सांगू? आईच्या मायेनं नाही बोललो मी ते. लहानपणापासून तू मला आपलपोट्या म्हणायचीस. मोठा तुकडा मी उचलायचो, खिडकीची जागा मी पटकवायचो, आजारी पडलो तर घर डोक्यावर घ्यायचो. चेष्टेतच म्हणायचीस गं, मला ठाऊक आहे. पण चाळिशी उलटली तरी तो शब्द अंगाला चिकटलेलाच होता. वाटलं, आता दाखवतोच हिला. आणि दाखवलं. गल्लीतले लोक मुलांना माझं उदाहरण द्यायला लागले. कामाला बाई ठेव म्हणून शेजारच्या शिक्षिकाबाई कितीदा म्हणाल्या, पण ठेवली नाही. ठेवली असती तर कौतुकात वाटेकरी आला असता ना!

पहिलं वर्ष मी खरंच नीट केलं, एवढं तरी मान. आंघोळ, औषधं, कूस बदलणं, सगळं. मग अंथरूण ओलं व्हायला लागलं, चादरी सुरू झाल्या. दिवसाला चार-चार. हातानं धुवायच्या, पिळायच्या, तोवर बाहेर गिऱ्हाईक ओरडतंय. पावसाळी दिवसांत वाळायच्या नाहीत, घरभर ओला कुबट वास. मग मी ठरवलं, संध्याकाळी सहानंतर आईला पाणी द्यायचं नाही. त्यात काही वावगं वाटलं नाही. पुढे सहाचे चार झाले, चाराचे दोन. मग पेल्याऐवजी वाटी आली. शेवटी शेवटी फक्त गोळ्यांपुरता घोट. चादरी खरंच कमी झाल्या, ताई. आणि मला बरं वाटलं.

आई काही बोलायची नाही. वाटी पुढे केली की दोन घोट घेऊन "पुरे" म्हणायची. मी हसत म्हणायचो, "बघ हं, नंतर मागू नकोस." तीही हसायची. तिला सगळं कळत होतं. माझं धुणं वाचावं म्हणून ती तहान मारत होती आणि मी त्याला तिची सवय म्हणत होतो.

आता सोमवारचं. हे लिहायला नको म्हणून इतकी पानं भरली.

सकाळी अकराच्या सुमाराला तिनं हाक मारली. "अरे, पाणी." कधी नव्हे ते मागितलं. मी नुकतीच रात्रीची चादर धुऊन दोरीवर टाकली होती. म्हटलं, थांबेल थोडी. तिनं परत हाक मारली. मग परत. आपलं काचा घासायचं मशीन किती आवाज करतं तुला माहीत आहे. मी ते सुरू केलं. मशीनमध्ये काच नव्हती, ताई. हातात काही काम नव्हतं. नुसतं मशीन चालू ठेवून स्टुलावर बसून राहिलो, अर्धा तास तरी. बंद केलं तेव्हा हाक येत नव्हती, आणि मला हायसं वाटलं. जेवायला आत गेलो तेव्हा ती भलतंच बरळत होती. जीभ कोरडी ठक्क. बाईंच्या मदतीनं उचलून नेली.

डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला पाणी किती पितात? मी म्हणालो, सहा-सात पेले. काल आई शुद्धीवर आली, तर त्यांनी तिलाही तेच विचारलं. काय म्हणाली असेल? "तो बिचारा पेला घेऊन मागे लागतो हो, मीच हट्टी, पीत नाही." डॉक्टरांनी मान डोलावली आणि कागदावर तसं लिहिलं. आई माझा हात थोपटत होती. मला तिथंच जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

मी सुधारेन, असं तुला लिहिणार होतो. पण मी स्वतःला ओळखतो. आठ दिवस पेले भरभरून देईन, रडेन, पाय चेपेन. नवव्या दिवशी चादर धुताना पुन्हा हिशेब घालायला लागेन. तू ये. शनिवारच्या आत ये आणि तिला घेऊन जा. हे तिच्यासाठी मागतोय की माझी सुटका व्हावी म्हणून, देव जाणे. सुटका हवी आहे, खोटं कशाला बोलू? पण तू माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस. मला काय बोलायचं ते गल्लीसमोर बोल, मी मान खाली घालून ऐकेन.

आणि एक. आल्यावर आईला विचारत बसू नकोस. तू विचारलंस की ती म्हणणार, "मी इथंच बरी, हा माझं खूप करतो." मला झाकण्यासाठी ती माझ्याच घरी परत येईल आणि काही न मागता पडून राहील. तिचं ऐकू नकोस. सरळ उचल आणि ने.

तुझा धाकटा भाऊ,
ज्याच्या हाती आईला पुन्हा देऊ नये