ह्यांचा किटलीचा धडा

३ मे, रविवार
उपासना संपल्यावर चहाच्या टेबलाजवळ, सगळ्यांच्या देखत, पास्टर म्हणाले, "आंटी, इस बार वो केतली वाला मत कीजिएगा। वो गलत शिक्षा है।"
कप तसाच ठेवला. घरी आले.
गलत शिक्षा! सव्वीस वर्षं दर त्रैक्य रविवारी हे संडे स्कूलच्या पोरांना तो धडा द्यायचे. गुढियारीच्या बर्फ कारखान्यात नोकरी, म्हणून लादी आणायचे गोणपाटात गुंडाळून. टेबलावर लादी, बाजूला पाण्याचा ग्लास, त्याच्या पलीकडे स्टोव्हवर किटली. "पाणी एकच. बर्फही तेच, वाफही तेच. तसा देव एक. पिता, पुत्र, पवित्र आत्मा." मग लादी फोडून सगळ्यांना बर्फ. लेकरंबाळं झालेले बाप्ये अजून सदर बाजारात मला थांबवून त्या बर्फाची आठवण काढतात.
हे नोव्हेंबरात गेले. हा पास्टर जानेवारीत आला. ह्यांना त्याने पाहिलंसुद्धा नाही.
यंदा धडा मी देणार आहे. ३१ तारखेच्या त्रैक्य रविवारी. देणारच.

४ मे
किटली घासली. बुडाचा काळा थर निघत नाही. राहू दे.
रूथ ऑफिसला जाता जाता, "मम्मी, जाने दो ना। नया आदमी है।" पोटची पोर, मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत.
"काहून जाऊ देऊ?" म्हटलं. तिने स्कूटी चालू केली.

६ मे
पास्टरच्या घरी गेले. बायको माहेरी. स्वतः सरबत करून आणलं, साखर विसरला.
म्हटलं, सांगा काय चुकलं. तो म्हणाला, "वही पानी एक ही समय में बर्फ और भाप नहीं होता, आंटी। पिता, पुत्र, आत्मा तीनों हमेशा हैं, एक साथ। एक-दूसरे में बदलते नहीं।"
"मग कसं आहे ते तुम्ही सांगा."
बराच वेळ पंख्याकडे पाहत होता. "रहस्य है।"
रहस्य! बरं झालं. मीही उद्यापासून कच्ची पोळी वाढते आणि रहस्य म्हणते.
निघताना त्याने एक जाड हिंदी पुस्तक दिलं. ख्रिस्ती मंडळीचा इतिहास. "आप पढ़ती हैं ना?" सातवीत शाळा सुटली माझी. पण वाचते. ते त्याला कोणी सांगितलं कोण जाणे.

९ मे
कूलरसमोर बसून चाळीस पानं. एकेक ओळ दोनदा. पेन्सिल झिजली.
जुन्या काळी लोक ह्यावरून वर्षानुवर्षं भांडले. एकमेकांना गावाबाहेर काढलं. एका गटाचं म्हणणं होतं, देव एकच, तोच कधी पिता होऊन येतो, कधी पुत्र, कधी आत्मा. म्हणजे बहुरूपी. सकाळी हवालदार, दुपारी साधू. मंडळीने हे नाकारलं.
म्हणजे ह्यांची किटली आजची चूक नाही. फार जुनी आहे.
पुस्तक आपटून ठेवलं.

१० मे, रविवार
ह्यांच्यामागे संडे स्कूल मीच घेते. आज वर्गात आठ पोरं. महिमा, नऊ वर्षांची, पहिल्या रांगेत बसते, सारखी दात हलवते. म्हणाली, "आंटी, अंकल मर गए तो वो भाप हो गए क्या?"
मी ओरडले. "चुप बैठ!" आजवर कुठल्या पोरावर ओरडले नव्हते. ती रडली नाही, पण दात हलवायचा थांबवला.

११ मे
ओरडले, कारण तिने माझ्याच मनातलं म्हटलं.
वॉर्डात शेवटच्या आठवड्यात ह्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. आतून वाफ धरली होती. म्हणाले, "बघ, मी आता वाफ होऊन राहिलो." हसले. मीही हसले.
सहा महिने मी तेच धरून बसले आहे. बर्फ गेला, पाणी गेलं, वाफ आहे. दिसत नाही, इतकंच. कुकरची शिट्टी झाली तरी मी वळून...

असो.

१४ मे
ब्राह्मणपाऱ्यात विमलकडे. तीस वर्षांपासूनची मैत्रीण, तिच्या देवघरात दत्त. सगळं सांगितलं. ती लसूण सोलता सोलता म्हणाली, "एवढंच? अवं, आमचा दत्तच की हा. तीन तोंडं, एक देव. झालं."
"तसं नाही वं."
"मग कसं?"
मीही लसणाचा एक गड्डा उचलला.
"तुमचं तुम्हाले समजत नाही, आन् त्या पोरावर चिडून राहिली! त्यानं बिचाऱ्यानं सरबत पाजलं तुले."
"बिनसाखरेचं."
ती हसली. मला हसू आलं नाही. लसूण मात्र मी सोलून दिला सगळा.

१७ मे, रविवार
वर्ग घेतला. महिमा मागच्या रांगेत.

२० मे
आज पवित्र शास्त्र काढलं, बायबल. आधी बाप्तिस्म्याचा भाग. मुलगा नदीच्या पाण्यात उभा, वरून बापाचा आवाज, आणि आत्मा कबुतरासारखा उतरतो आहे. तिघं. एकाच वेळी, एकाच ठिकाणी. लहानपणापासून ऐकते. मोजलं नव्हतं कधी.
मग वधस्तंभाचा भाग. तो बापाला हाक मारतो, मला टाकलंस का म्हणून. इथे पेन्सिल थांबली.
किटली खरी असेल तर तो कोणाला हाक मारत होता? स्वतःलाच? मग ते सोंग झालं. बहुरूप्याचं रडणं.
मी नोव्हेंबरापासून ह्या खोलीत हाक मारते आहे. ते सोंग नाही. हाक मारायला दुसरं कोणी असावं लागतं. पाणी वाफ झालं तर मागे कोणी उरत नाही. मी उरले आहे. म्हणजे आम्ही दोघं होतो. आणि अडतीस वर्षं मंडळीत आमचं नाव एकत्रच घेतलं गेलं. एकाला बोलावलं की दुसरं येणारच. त्यात मी मी होते, हे हे होते. कोणी कोणात विरघळलं नव्हतं.
पास्टर म्हणेल, आंटी, ये भी गलत, ऐसे तो तीन ईश्वर हो जाएँगे। म्हणू दे. मला माहीत आहे की तेही पुरत नाही. एका बाजूने सावरावं तर दुसऱ्या बाजूने तोल जातो. पण किटली नव्हे, एवढं कळलं.
म्हणजे तो बरोबर होता. राग दुप्पट झाला. बरोबर होतास तर हे का नाही सांगितलंस? पंख्याकडे काय पाहत बसलास?
आणि ह्यांच्यावरही. वाफ होतो म्हणाले आणि मी मान डोलावली.

२३ मे
पुस्तक परत द्यायला गेले. दारातच सगळं बोलून टाकलं, हाक मारण्याचं. माझा आवाज चढला होता. समोरच्या घरातली बाई बाहेर आली.
पास्टर चष्मा काढून पुसत बसला. म्हणाला, "मेरे पापा को गए दो साल हुए।" एवढंच.
चष्मा परत घालत, "३१ को आप ही पढ़ाइए। यही, जो अभी बोला।"
मी हो म्हणाले. जिना उतरत होते, तेवढ्यात वरून, "और आंटी, केतली वाली बात गलत थी, ये भी बच्चों को बता दीजिएगा। नहीं तो वही याद रहेगा।"
सगळं गोड केलं आणि शेवटी हे.
सव्वीस वर्षं जो माणूस उन्हात लादी वाहून आणायचा, त्याच्या बायकोने पोरांसमोर उभं राहून म्हणायचं, तो चुकला. दुसऱ्या कोणाकडून म्हणवून घ्या. मी त्याची बायको आहे.
पण महिमाला तर सांगायला हवं. तिने विचारलं होतं.

२५ मे
नौतपा, उन्हाचे नऊ दिवस, लागला. पत्र्यावर भाकरी भाजेल असं ऊन.
कारखान्यातून बिसाहूचा फोन. ह्यांच्या हाताखाली वीस वर्षं होता. "भउजी, ए बछर घलो सिल्ली राख दँव का?"
दर वर्षी ह्यांच्यासाठी तोच लादी बाजूला ठेवायचा, यंदाही ठेवू का म्हणतो.
मी हव म्हटलं. तोंडातून निघून गेलं. नाही म्हणायचं होतं.

२८ मे
आंघोळ करताना मोठ्याने म्हणून पाहिलं. "अंकल ने गलत बताया था।" "अंकल ने" पर्यंत येतं. पुढे नळाचाच आवाज.
रूथ बाहेरून, "मम्मी, किससे बात कर रही हो?"
"तुझ्या बापाशी."
ती दाराशी येऊन मराठीत, किती वर्षांनी कोण जाणे, "आई, बाबा रागावणार नाहीत गं."
तिला काय माहीत. रागावले असते. दोन दिवस जेवले नसते. मग तिसऱ्या दिवशी विचारलं असतं, बरं, नीट समजावून सांग मले.

३१ मे, रविवार. सकाळ
वर्गात येऊन बसले आहे. पोरं यायची आहेत.
बिसाहूने साडेसहालाच लादी आणून दिली, मोटारसायकलवर, ह्यांच्यासारखीच गोणपाटात बांधून. वर भुसा. म्हणाला, भैया अइसनेच बाँधत रिहिस।
किटली घरी ठेवली. स्टोव्हही. लादी आणली. शिकवायला नाही. खायला.
पास्टर दारातून डोकावला. लादी पाहिली. काही बोलायला तोंड उघडलं, मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. मग त्यानेच घमेलं आणून लादीखाली ठेवलं आणि गेला.
राग आहे अजून. आता नक्की कोणावर, ते सांगता येत नाही.
कागदावर तीन मुद्दे लिहिले आहेत. नदी. हाक. तिसरा: अंकल भाप नहीं हुए। त्याच्यापुढची ओळ कोरी.
महिमा आली. सगळ्यांच्या आधी. मागे न जाता थेट टेबलापाशी. पुढचा दात पडला आहे. लादीवर पूर्ण पंजा ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
"आंटी, उस दिन मैंने जो पूछा था, बताओगी?"