उजव्या पायाची घंटा

नाशिक,
ता. ९ जानेवारी १९३७

तीर्थस्वरूप आक्काबाईंना,
साळूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

केरूभाऊ, हे पत्र आक्कांना तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून आधी तुम्हाला सांगते. सावकाश वाचा आणि मधलं काही गाळू नका. तुमचा स्वभाव मऊ, दया येऊन चार ओळी सोडून द्याल. तसं करू नका.

आक्का, इकडे थंडी फार पडली आहे. गंगेवर धुणं घेऊन जायचं म्हणजे बोटं वाकडी होतात. आपला टांगा सध्या शेजारचे चिमाजी स्टेशनावर नेतात. घोडा त्यांचं ऐकत नाही, चावायला धावतो. तेवढंच मला हसू येतं. तुम्ही सिन्नरच्या मोटारीबरोबर पाठवलेला तिळाच्या लाडवांचा डबा पोचला. त्या डब्याचं पुढे सांगते.

आता तुमच्या भावाचं. त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली, एवढंच तुम्हाला माहीत आहे. अंगठा काळा पडला, मग शेजारची बोटं. गेल्या आठवड्यात इथल्या इस्पितळात डॉक्टरांनी उजवा पाय गुडघ्याखालून कापला. लिहिलं बाई एकदाचं! कालपासून कागद घेऊन बसते आहे आणि थंडीच्याच गोष्टी लिहिते आहे. अहो, चाळिशीसुद्धा न गाठलेला माणूस, आणि पाय कापला!

डॉक्टर म्हणाले, पायाला रक्त नेणाऱ्या शिरा आतून बुजत गेल्या. म्हणून तर चार पावलं चालले की पोटरी धरून उभे राहायचे, आणि पाऊल ऐन उन्हातही गार. आपण म्हणत बसलो, वारा लागलाय, तेल चोळा.

परवा दुपारी ह्यांचा डोळा लागला होता. मी उशाशी बसले होते. एकदम ओरडले, "बाजू, बाजू! ए साळू, घंटा का वाजंना?" टांग्याची घंटा उजव्या पायानं दाबायची सवय ना! मांडी जोरजोरात हलत होती आणि पुढे पांघरूण सपाट. जागे झाले तर म्हणतात, अंगठा ठणकतोय, जरा दाबून दे. कुठला अंगठा दाबू, आक्का? मी नुसता त्या पांघरुणावर हात फिरवत राहिले. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, पाय गेला तरी त्याच्या नसा वर राहिलेल्या असतात, त्या डोक्याला निरोप धाडतच राहतात, होतं असं. होतं असं म्हणे!

पण खरं सांगायचं ते निराळंच आहे.

डॉक्टर रोज सकाळी डाव्या पायावर दोन जागी बोटं टेकवतात, पावलावर आणि आतल्या घोट्याच्या मागे. तिथे हातासारखी नाडी लागते. काल त्यांनी बोटं टेकवली ती उचलीचनात. नाडी अगदी बारीक झाली होती. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हा माणूस बिडी ओढतोय का?" पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, ह्यांच्या शिरा बिडीनंच बुजल्यात, आता ओढली तर दुसराही पाय जाईल. मी भांडलेच त्यांच्याशी. म्हटलं, माझ्या गळ्याची शपथ घेतली आहे ह्यांनी, बिडीला शिवत नाहीत.

डॉक्टर गेले आणि ह्यांना लाडू द्यावा म्हणून मी त्यांच्या उशाशी ठेवलेला तुमचा डबा उघडला. वर लाडू, खाली कागद, आणि कागदाखाली बिड्या. पिवळ्या दोऱ्याच्या. कारखान्यासाठी वळता त्या बिड्यांना दोरा लाल, पिवळा तुम्ही आपल्या भावासाठीच बांधता, मला काय माहीत नाही? बिड्यांचा कट्टा निम्मा संपला होता. रोज ऊन खायला व्हरांड्यात बसवा म्हणून मागे लागायचे, ते ऊन हे होतं!

विचारलं तर मान खाली. म्हणाले, "मोटारवाल्यानं तिला सांगितलं पाय गार पडतो, तर तिनं निरोप धाडला, झुरका मार, ऊब यील. आईमागं तिनं मला वाढवलं. बोटं दुखत्यात तरी पानं निवडून माझ्यासाठी वळती. तिला काय सांगू, तुझ्या हातची बिडीच माझा पाय खाती म्हणून?" मग माझा हात घट्ट धरला. "आक्काला कळवलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील."

म्हणून बिडीची बंदी तुमच्यापर्यंत कधी आलीच नाही.

तुमचा राग आला का मला? आला. खोटं कशाला लिहू. डबा घेऊन थेट सिन्नरला यावं आणि तुमच्यापुढे आपटावा असं वाटलं. मग तो पिवळा दोरा पाहिला, किती बारीक गाठ मारता तुम्ही, आणि रडूच आलं.

ते माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. तुमचा शब्द मात्र त्यांनी कधी मोडलेला नाही. संक्रांतीला या. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नये, हे लग्न होऊन आले तेव्हा तुम्हीच मला शिकवलंत. या वेळी रिकाम्या हातानं या. त्यांच्या डाव्या पावलावर हात ठेवा आणि म्हणा, "गोरख, आता माझ्या हातचीसुद्धा नको." एवढा तो पाय राहू द्या, आक्का.

केरूभाऊ, वाचून झालं म्हणून लगेच उठू नका. आक्कांच्या मांडीवर बिडीचं सूप असेल, ते तेवढं उचलून बाजूला ठेवा.

ह्यांची शपथ मोडलेली,
तुमची भावजय
साळू