एकोणिसावं वाक्य

रानशेत
बुधवार, ९ एप्रिल २०२५

चि. हर्षदास,

आशीर्वाद मागाहून. आधी हे सांग, आय चौथी शिकली म्हणून तिला काहीच कळत नाही असं तुला कोणी सांगितलं? होळीला आलीस, दोन दिवस मान खाली घालून जेवलीस, विचारलं तर म्हणे डोकं दुखतं. आणि जाताना इंग्रजीची वही कणगीमागे राहिली. राहिली की ठेवलीस, तेही देव जाणे.

मी ती शेजारच्या निलमकडे नेली. ती तलासरीला अकरावीत जाते, म्हटलं वाच. आधी नको नको करत होती, मग मोबाइलमध्ये बघून बघून सगळं सांगितलं. पहिल्याच पानावर तुमच्या बाईंनी लाल शाईने लिहिलंय म्हणे, की प्रत्येक शब्दाचं वाक्य आपल्या घरातलं, खरं घडलेलं लिहायचं, म्हणजे डोक्यात बसतं. मी ताडून बघितलं. सातव्यात आपला बोकड दिवाळीत पळाला ते आहे. अकराव्यात तुझ्या बाने तंबाखू सोडली असं आहे. गोठ्याच्या वळचणीला पुडी आहे त्याची, पण ते तुला कुठून ठाऊक असणार! चौदाव्यात आय दर रविवारी फोनवर झापते असं लिहिलंस. झापते. खोटं नाही.

मग एकोणिसाव्यात हे काय? कॉल ऑफ. निलम म्हणाली, म्हणजे ठरलेलं मोडणं. मला माझं लग्न मोडायचं आहे, असं लिहिलंस तू. ती पोर वाचताना माझ्याकडे बघेना. आणि विसावं तर इतकं खोडलंस की कागद फाटला. उजेडात धरून माय फादर एवढंच लागलं.

येत्या १९ ला, शनिवारी, कैनाडवरून मिथुनच्या घरची माणसं ताडीचं मडकं घेऊन येणार. ती ताडी आपल्या माणसांनी प्यायली की शब्द बांधला, मग माघार नाही. तुला हे सांगायला नको. तेव्हा सरळ लिही, दुसरा कोण आहे? तुझ्या नर्सिंगच्या वर्गातला की दवाखान्यातला? फोनवर सांगू नको. तिथे हॉस्टेलच्या मॅडम शेजारी बसतात, आणि फोनवर माणूस फटकन खोटं बोलतं. लिहिताना हात अडखळतो. पांड्याची रिक्षा रोज डहाणूला येते, त्याच्याकडे चिठ्ठी दे.

माझा गुडघा दुखतो. तू विचारलं नाहीस तरी लिहिते.

तुझी आय,
जिवली


डहाणू
शनिवार, १२ एप्रिल २०२५

ती. आयेस,
हर्षदाचा नमस्कार.

पांड्याकाकाने चिठ्ठी दिली आणि वर म्हणाला, तुझी आय लई तापलीय, जपून उघड. हॉस्टेलच्या पोरी हसल्या. तू दुसऱ्याची वही शेजाऱ्यांना वाचायला देतेस, हे पण बरं नाही आय.

दुसरा कोणी नाही. तुझ्या गळ्याची शपथ. बाकी काय लिहू? हे इंग्रजी शब्दच असले आहेत. गिव्ह म्हणजे देणं, आणि गिव्ह अप म्हणजे सोडून देणं. टर्न म्हणजे वळणं, टर्न डाउन म्हणजे नकार देणं. प्रत्येकाला पुढे एक छोटा शब्द चिकटतो आणि सगळं निराळंच होतं. असे दीडशे पाठ करायचे आहेत. पेशंटचे कागद वाचायला लागतात, आणि मे महिन्यात मोठ्या दवाखान्याच्या मुलाखतीला इंग्रजीतच विचारतात. बाई म्हणतात, पहिल्या पायरीचं तुम्हाला येतं, आता मधल्या पायरीला घाम निघणार. निघतोय.

एकोणिसावं वाक्य फळ्यावरचं उतरवलं. सगळ्यांच्याच वहीत तेच आहे. खरं लिहायचा नियम नुसता पहिल्या पानापुरता होता. तू उगाच मनाला लावून घेऊ नको.

एक विचारायचं होतं. शनिवारचं नक्की आहे का? माझा अभ्यास राहिलाय, तर पावसाळ्यानंतर ठेवता येईल का? बाला विचार. मिथुन चांगला आहे, त्याच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

गुडघ्याला निरगुडीचा पाला गरम करून बांध. वही पाठव, मला लागते. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
हर्षदा


रानशेत
मंगळवार, १५ एप्रिल २०२५

चि. हर्षदास,

चिठ्ठी मिळाली. ही निलमकडे नेली नाही, मीच दोनदा वाचली, अक्षर लावत लावत.

आता ऐक. एकोणिसाव्याबद्दल चार ओळी लिहिल्यास, विसाव्याबद्दल एक अक्षर नाही. मुलाखत मे महिन्यात, मग एप्रिलातला शनिवार पार पावसापलीकडे कशाला न्यायचा? आणि लिहितेस, बाला विचार. लग्नाच्या गोष्टीत तुझ्या बाला या घरात कोण विचारतं? तिथेच मला वास आला. तसाही तो महिनाभर जरा जास्तच शहाण्यासारखा वागत होता. न सांगता पाणी भरतो, चिखल्याहून बोंबील आणतो. म्हटलं, हा तुझा बा लडक्या काहीतरी लपवतोय.

काल त्याला धरलं. आधी म्हणाला तंबाखूची पुडी जुनी आहे. म्हटलं पुडी जाऊ दे, विसावं वाक्य सांग. तेव्हा बोलला. फाल्गुनात तो कैनाडला छप्पर शाकारायला गेला होता. तिथे मिथुनच्या आईने, त्या शुक्रीने, त्याला सुनावलं की लग्नानंतर दवाखाना बंद, आमच्या घरची सून रात्रपाळीला जायची नाही, आवणीला भात लावायला वाफ्यात पाहिजे. हा ऐकून घेऊन, जेवून आला! तुला सांगितलं आणि मला सांगू नको म्हणाला. का, तर मी कैनाडला जाऊन शुक्रीच्या दारात तोंड सोडीन म्हणून. माझ्या तोंडाला भितो म्हणतो. भितो तर भितो, पण पोरीला कोंडीत टाकून गप्प बसायचं? आणि तू पण त्याचीच लेक. दोघांनी मिळून मलाच परकं केलंत.

शुक्री माझ्यासमोर तर म्हणाली होती, नर्स सून मिळतेय, आमचं नशीब. तिच्यावर माझा विश्वास आता कवडीचा नाही. मिथुनला हे ठाऊक आहे की तोही आईच्या पदराआड आहे, तेही मला कळलेलं नाही. मिथुन मीच पसंत केला होता, हे मी विसरले नाही.

तेव्हा मला वेगवेगळं सांग. मुलगा नको, की ते घर नको, की आत्ता लग्नच नको? दवाखान्याचाच प्रश्न असेल तर मी शुक्रवारी कैनाडला जाते आणि मिथुनला समोर बसवून विचारते, त्याच्या आईला मध्ये बोलू देणार नाही. मुलगाच नको असेल तर तसं लिही. ताडी प्यायच्या आधी नाही म्हटलं तर नुसतं मडकं परत जातं, चार दिवस लोक बोलतात आणि गप्प होतात. प्यायल्यावर नाही म्हटलं तर ती माणसं आपल्या दारात परत पाणी पिणार नाहीत, आणि तुझ्या बाला कैनाडच्या वाटेने जाता येणार नाही. म्हणून जे काय ते आधी.

मी रागावले आहे, पण तुझ्यावर थोडी आणि त्याच्यावर जास्त. पाला बांधला, जरा उतार आहे. आशीर्वाद मागच्या चिठ्ठीत राहिले होते, ते आणि आजचे एकत्र घे.

उत्तर गुरुवारी संध्याकाळी पांड्याच्या शेवटच्या खेपेला माझ्या हातात पाहिजे. बाच्या नाही, माझ्या. तो रिकामा आला तर शुक्रवारी पहाटे मी कैनाडला न जाता तुझ्या हॉस्टेलच्या दारात येऊन बसेन, आणि मग तुमच्या मॅडमदेखत विचारीन. गुरुवार, १७ तारीख.

तुझी आय,
जिवली