बेचाळीस कप्प्यांची वाटणी

मी, टपालाच्या छाननी विभागातून निवृत्त झालेला कारकून, वय बहात्तर, सकाळचा चहा घेऊन, चष्मा पुसून आणि डोके ठिकाणावर असताना हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या मेव्हण्याचे मत वेगळे असू शकेल, पण ते जोडलेले नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात माझ्या पश्चात मुलीला निवासी संस्थेत कायमचे ठेवावे असे मी लिहिले होते. ते का रद्द केले, हे सांगण्यासाठीच पुढचा सगळा खटाटोप आहे.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि दार नीट न लागणारे न्हाणीघर, माझ्या एकुलत्या एक मुलीच्या नावे करत आहे. ती चौतीस वर्षांची आहे. माझी धाकटी बहीण, म्हणजे तिची आत्या, तिच्यासोबत इथेच राहून तिचे सगळे पाहील. बँकेत जे असेल ते दोघींच्या खर्चासाठी. बहिणीला विचारायला गेलो तेव्हा तिने शिलाई यंत्रावरून मानही वर केली नाही. म्हणाली, "दादा, पंधरा वर्षांपूर्वी विचारलं असतंस तरी हो म्हटलं असतं." मी खाली पडलेले दोरे गोळा करत बसलो.

कलम दोन. मुलीला कोणत्याही परिस्थितीत संस्थेत पाठवू नये. याला पोटकलम नाही.

कलम तीन. हॉलमधली लाकडी मांडणी. पत्रे गावांप्रमाणे वेगळी करण्याची, कार्यालयाने मोडीत काढलेली ही बेचाळीस कप्प्यांची छाननीची मांडणी मी रीतसर परवानगी घेऊन घरी आणली. मुलीला जन्मापासून एक आजार आहे. एका जनुकात बिघाड असतो आणि त्यामुळे मेंदूत, मूत्रपिंडात, चेहऱ्यावर लहान लहान गाठी येतात. तो फार थोड्यांना होतो, त्यामुळे सांगणारेही थोडेच. गाठी आणि झटके एवढे आम्हाला सांगितले गेले. झोप न येणे, चावणे, आकडेमोड न जमणे, एकाच गोष्टीला तासन्‌तास चिकटून बसणे, अनोळखी माणसाला घाबरणे, हे सगळेही त्याच घरचे आहे, असे कोणी म्हणाले नाही. मेव्हणा म्हणाला, लाडावून ठेवली आहे. शाळेच्या बाई म्हणाल्या, आळशी आहे. मी काय केले? मी छाननी केली.

रोज एकेका गोष्टीची चिठ्ठी लिहायची, तारीख घालायची आणि तिच्या कप्प्यात टाकायची. झटके वेगळे, राग वेगळा, झोप वेगळी. डॉक्टरांचा वेळ वाया जाऊ नये म्हणून ज्याची त्याची जुडी सुतळीने बांधून न्यायची. झटक्यांच्या डॉक्टरांना रागाची चिठ्ठी कधी दाखवली नाही. ती त्यांचे टपाल नव्हते. एका पत्राला एकच कप्पा, हे मी एकोणतीस वर्षे पाळले होते आणि त्याचा मला गर्व होता. बायको एकदा चिडून म्हणाली, "अहो, मुलगी एक आहे आणि तुम्ही पाच जुड्या घेऊन पाच दारं फिरताय." मी म्हणालो, "तुला छाननीतलं काय कळतं?" ती गेली त्याला आता नऊ वर्षे झाली. हे वाक्य परत घेण्याची सोय कुठल्या कलमात असती तर इथे लिहिले असते.

मुलगी एकोणीस वर्षांची असताना एका दुपारी कामावरून आलो तर सगळे कप्पे रिकामे. दारापासून स्वयंपाकघरापर्यंत जमिनीवर चिठ्ठ्या, उडू नयेत म्हणून त्यांच्यावर चमचे, वाट्या आणि माझे बूट ठेवलेले. तिने चार वर्षांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावल्या होत्या. तारखांचे तिला लहानपणापासून वेड आहे, कोणतीही तारीख सांगा, वार सांगते. ती दुसऱ्या टोकाला उभी राहून म्हणत होती, "आता बरोबर. बाबा, आता बरोबर." मला फक्त रिकामी मांडणी दिसली. मी तिला थोबाडीत मारली. ती माझ्या हाताला चावली. मग मी चिठ्ठी लिहिली, 'आज चावली. विनाकारण.' आणि ती रागाच्या कप्प्यात टाकली.

तीन दिवस खपून मी सगळे पुन्हा जागच्या जागी लावले. पुढच्या महिन्यात तिला संस्थेत पाठवले. चौदा महिने ती तिथे होती. शेवटी बायको एकटी जाऊन तिला घेऊन आली. मधल्या काळात तिथल्या डॉक्टरांनी काही दुसऱ्याच कारणाने झटक्यांची गोळी बदलली होती आणि चावणे थांबले होते. मी समजलो, शिस्तीचा गुण आला. जुने मृत्युपत्र याच अकलेच्या जोरावर लिहिले होते.

कलम चार. चिठ्ठ्या, सर्व, मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंना द्याव्यात. हा आजार असलेल्या माणसांच्या वागण्या-शिकण्यातल्या अडचणी त्या गोळा करतात आणि कोणती कोणासोबत येते ते पाहून त्यांचे गट पाडतात. गेल्या वर्षी मी जुड्या घेऊन गेलो तेव्हा त्यांनी विचारले, "काका, हे तारखेप्रमाणे लावता येईल का?" मी मुलीकडे पाहिले. तिने अर्ध्या दिवसात तिथली सगळी फरशी भरून टाकली. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि बोटाने दाखवत गेल्या. "हे बघा. दहा तारखेला गोळी वाढवली. चौदाला झोप गेली. एकोणीसला पहिल्यांदा चावली."

"गुरुवार, सोमवार, शनिवार," मुलगी म्हणाली.

मी म्हणालो, मीही गटच केले होते. बाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरे झाले असते. म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टरांप्रमाणे गट केलेत, काका. मी माणसांप्रमाणे करते. झोप आणि राग कितीतरी घरांत हातात हात घालून येतात. एकाला विचारलं की दुसऱ्याचं विचारायचंच." म्हणजे उत्तर पंधरा वर्षांपूर्वी माझ्या हॉलमध्ये पसरलेले होते आणि मी ते उचलून कप्प्यांत घातले. मला फार पश्चात्ताप होतो. कायद्याच्या कागदात असे लिहीत नाहीत, हे वकीलबाईंनी सांगितले. मी लिहिले आहे.

कलम पाच. मेव्हण्याला माझे भिंतीवरचे घड्याळ द्यावे. ते दहा मिनिटे पुढे आहे आणि स्वतःला बरोबर समजते. त्याच्यावरचा माझा राग मात्र इथे संपला, कारण तो नुसता बोलला होता. हात मी उचलला होता.

कलम सहा. बोटात घालायची रबरी टोपी, सुतळीचे गुंडाळे आणि बाद झालेला तारखेचा शिक्का मुलीला. मांडणीही तिलाच, रिकामी. तिने तीत बूट ठेवले, वाट्या ठेवल्या, तरी कोणी आवरायला जाऊ नये. विशेषतः माझ्या बहिणीने, जिला आवरण्याची खोड आहे.

कलम सात. बहिणीने रोज एकच चिठ्ठी लिहावी. दिवसभरात जे झाले ते सगळे, एकाच कागदावर, आणि कोणत्याही डॉक्टरकडे जाताना सगळ्या न्याव्यात. त्यांचा वेळ जाईल. जाऊ द्यावा.

साक्षीदार पहिले: दाखला देणारे आमचे डॉक्टर. सही.

साक्षीदार दुसरे: छाननीच्या टेबलावर माझ्या शेजारी उभे असायचे ते 'मास्तर'. सही, वेडीवाकडी, पण त्यांचीच.

लिहून ठेवणार: मुलीचे बाबा. सही.

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल.

मुलीला साक्षीदार होता येत नाही, कारण घर तिला मिळणार आहे, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून दिनांक तिच्याकडून घालून घेतला आहे. तिने कागद बराच वेळ पाहिला आणि पुढीलप्रमाणे लिहिले. त्यात कोणी दुरुस्ती करू नये.

दिनांक: सतरा नोव्हेंबर, सोमवार. बाबा रडले. गोळी तीच आहे. मी चावले नाही.